गाठीतले फितूर

जळगाव,
८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप नवलमामा,
सा. न.

दिवाळीला आले नाही म्हणून मामी रागावली असणार. तिला सांगा, नाताळात येते आणि दोन दिवस कळण्याची भाकरीच खाते. रूपाताई म्हणाली, बाबांनी कानाचं यंत्र परत डब्यात टाकलं, ते शिट्टी मारतं म्हणून. म्हणजे फोन बंदच. कापसाच्या जिनिंगच्या मशिनींनी तुमचे कान नेले, पण अक्षर शाबूत ठेवलंय. आपण आपले पत्रांवर राहू.

तुम्ही विचारलंत, डॉक्टर झालीस तर पेशंट का तपासत नाहीस. मामा, मी पॅथॉलॉजीत एम.डी. करतेय. आमच्याकडे माणूस येत नाही, त्याच्या आजाराचा तुकडा येतो. तो मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, रंग द्यायचा आणि काचेवर ठेवून बघायचा. माझ्या प्रबंधाला लिव्हरच्या कॅन्सरच्या गाठी आहेत.

तुमच्या शेतात लव्हाळा आहे ना? वरचं गवत कितीही उपटा, खालची गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटते. कॅन्सरच्या गाठीतही तशा थोड्या पेशी असतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. औषधाने बाकीच्या मरतात, या टिकून राहतात आणि पुन्हा सगळं उभं करतात. आणि खरी भानगड पुढे आहे. आपल्या शरीरात पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या भक्षक पेशींचं काम घाण गिळून टाकायचं. पण गाठीत शिरल्या की त्यातल्या काही फितूर होतात. त्या मूळपेशींना चिकटून बसतात, त्यांना जपतात, असे रस सोडतात की त्या आणखी चिवट होतात. मी काचेवर या दोघींना वेगवेगळे रंग देऊन मोजते. जिथे भक्षक पेशींची गर्दी, तिथे मूळपेशीही जास्त, असं आतापर्यंत दिसतंय. आपलंच रक्षण करणारी पेशी शत्रूच्या उशाशी बसलेली बघताना अंगावर काटा येतो. खरं सांगू का, मजाही वाटते.

तुमची,
दिपमाला

*

शिंदखेडा,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. दिपमाला हीस नवलमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. निवांत वाचले, मग पुन्हा वाचले. लव्हाळ्याचे समजले. फितुरीचे अर्धे समजले. त्यावरूनच एक विचारायचे आहे.

आमच्या गल्लीत एक बाई आहे. तिला लिव्हरला गाठी निघाल्या. धुळ्याला सीटी केली. बाई जन्मात दारूच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, तरी लिव्हर म्हटले की लोक घरच्यांकडे एक वेगळीच नजर टाकतात. डॉक्टर म्हणतात, पूर्वी कधी बी नावाची कावीळ झाली असेल, ती आत दबा धरून राहिली. गाठी दोन्ही बाजूंना असल्यामुळे कापता येत नाहीत. इंजेक्शन घ्या म्हणतात. ते इंजेक्शन स्वतः गाठीला मारत नाही, रोगप्रतिकारशक्तीला जागे करते, असे त्यांनी कागदावर लिहून दिले.

आता तू लिहितेस की तीच शक्ती फितूर होते. मग जागे कोणाला करायचे? भाची डॉक्टर आहे म्हणून त्या घरचे मला विचारतात. मी काय सांगावे? जे असेल ते स्पष्ट लिही.

बाकी क्षेम. तुझी मामी बरी आहे. थोडी दमते. यंदा कापूस वेचायला गेली नाही.

तुझा,
नवलमामा

*

जळगाव,
६ डिसेंबर २०२४

ती. नवलमामा,
सा. न.

प्रश्न एकदम नेमका विचारलात. माझ्या प्रबंधाच्या गाइड मॅडमना सांगितला तर त्या म्हणाल्या, तुझ्या मामांना तोंडी परीक्षेला बोलवू या.

स्पष्ट लिही म्हणालात म्हणून लिहिते. यातलं सगळं अजून कोणालाच कळलेलं नाही. ही इंजेक्शनं काही पेशंटना छान लागू पडतात, बऱ्याच जणांना पडत नाहीत. का, ते शोधायचं तर आमच्यासारखे लोक बसलेत. पहारेकरीच गाठीच्या बाजूने गेले असतील तर त्यांना जागं करून काय साधणार, हा प्रश्न मलाही पडतो. शक्ती वाढवली की चांगलंच होतं, असं काही नाही. लोक बाजारातून इम्युनिटीच्या पावडरी आणि काढे आणून देतात, ते त्या बाईंना देऊ नका म्हणावं. लिव्हर आधीच थकलेलं असतं.

आणि घरच्यांना हळूच सांगा, दोन्ही बाजूंना गाठी असल्या तर फार अपेक्षा ठेवू नये.

मामीचं रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल. या वयात बायका तिकडे लक्षच देत नाहीत. नाताळात माझी ड्यूटी लागलीय, त्यामुळे येणं आता पुढेच गेलं.

तुमची,
दिपमाला

*

शिंदखेडा,
२१ जानेवारी २०२५

चि. दिपमाला हीस आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला. लिहायला बसायचो आणि उठायचो.

ती गल्लीतली बाई म्हणजे तुझी मामी.

परक्या बाईचे म्हणून विचारले तर तू आडपडदा न ठेवता लिहिशील असे वाटले. तू तसेच लिहिलेस, त्यात तुझा काही दोष नाही. तुझे पत्र खिशात घालून मी धुळ्याला गेलो. डॉक्टर तोंडाला मास्क लावून बोलतात, मला ओठ दिसत नाहीत. त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. मी म्हटले, इंजेक्शन नको. ते बरेच काही बोलले. मी नमस्कार करून निघालो.

घरी आल्यावर शक्तीचे जे जे होते ते बंद केले. गुळवेल बंद, डिंकाचे लाडू बंद, अंडी बंद. मनात म्हटले, फितुरांना आपल्या हाताने खाऊ घालायचे नाही. ती विचारते, "काबरं बंद करं?" मी ऐकू न आल्यासारखे करतो. तिला एवढेच माहीत आहे की पोटात साधी गाठ आहे. रूपाने तसे सांगून ठेवले आहे.

पण हल्ली तिची भाकरी अर्धी राहते आणि डोळ्यांत पिवळेपणा वाटतो. दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना धरून बसल्या आहेत. शक्ती दिली तर गाठ वाढेल, नाही दिली तर तुझी मामी जाईल. मी बरोबर केले का?

नवलमामा

*

जळगाव,
२५ जानेवारी २०२५

मामा, अंडी आजपासून सुरू करा. डिंकाचे लाडूही द्या. तिला जे खावंसं वाटेल ते द्या. गुळवेल मात्र नको, ती लिव्हरला बाधते म्हणून. फितुरांशी तिचा काही संबंध नाही.

स्पीड पोस्टने पाठवतेय. रूपाताईलाही फोन केला, पण तुम्ही माझ्या अक्षरावर विश्वास ठेवता म्हणून लिहितेच.

चूक माझी झाली. मी पहारेकरी म्हणाले आणि तुम्हाला वाटलं, सगळे एकाच जातीचे. तसं नाही. मी मोजते त्या भक्षक पेशी. मामीला सांगितलेलं इंजेक्शन वेगळ्या पेशींसाठी आहे. त्या टी पेशी. त्या गाठीला मारू शकतात, पण गाठीने त्यांचे हात धरून ठेवलेले असतात. इंजेक्शन ते हात सोडवतं. जोडीला दुसरं औषध असतं, ते गाठीकडे जाणारं रक्त तोडतं. फितूर पेशी आत बसलेल्या असतील तर त्या या कामात अडथळा आणतात, हे खरं. पण म्हणून मारणाऱ्यांना बांधूनच ठेवायचं, असं होत नाही.

मग मामीला लागू पडेल का? मामा, मला माहीत नाही. मी बघते त्या गाठी काचेवरच्या. त्यांना नाव नसतं, नंबर असतो. त्यावरून मामीचं काहीच ठरत नाही आणि मी मात्र 'फार अपेक्षा ठेवू नये' लिहून मोकळी झाले. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू भाची आहेस. भाचीसारखी जा."

पुढच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येतेय. तोवर डॉक्टरांकडे पुन्हा वेळ घ्या. उशीर नको.

दिपमाला

*

शिंदखेडा,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. दिपमाला हीस आशीर्वाद.

तू येऊन गेलीस, घर भरल्यासारखे वाटले. पण त्या दिवसापासून माझ्या मनाचा गोंधळ वाढला आहे, तो तुला लिहितो.

तू, रूपा आणि तुझी मामी तिघी एकदम बोलत होता. मी यंत्र लावले, तर त्यात फक्त भांडी वाजत होती. म्हणून मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो. तू मामीच्या पोटावर हात ठेवलास, बोटांनी दाबून बघितलेस, हसून काहीतरी बोललीस. मग बाहेर ओट्यावर आलीस आणि रडलीस. रडता रडता मला काही सांगत होतीस. हुंदक्यात ओठ वाचता येत नाहीत. मी मान हलवली. तुला वाटले मला समजले. मला वाटले, मलाही समजले. डॉक्टर मुलगी पोट बघून रडते, म्हणजे आता काही उपयोग नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशीची धुळ्याची वेळ मी रद्द केली.

काल पारोळ्याहून रूपा आली. ती ओरडून ओरडून सांगते की तू ओट्यावर म्हणालीस, आता उशीर करू नका. मग तू रडलीस कशाला?

तू नक्की काय सांगितलेस ते कागदावर लिही. एका शब्दात लिही, हो की नको. पेशींचे काही लिहू नको.

नवलमामा

*

जळगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

मामा,

हो.

एवढंच वाचून धुळ्याला निघा. पुढचं परत आल्यावर वाचा.

रडले कारण मामीच्या बरगडीखाली लिव्हरची कड हाताला लागली. एवढी वर्षं मी लिव्हर बघतेय, पण घरच्या माणसाचं गरम लिव्हर माझ्या हाताला पहिल्यांदा लागलं. मामी त्याच वेळी मला विचारत होती, "हॉस्टेलात जेवण बरं देतस ना?"

आणि तुमच्यापासून लपवत नाही, माझ्याही कामात घोळ झालाय. गेल्या आठवड्यात नव्या काचा आल्या. एका गाठीत भक्षक पेशींची झुंबड, पण मूळपेशी शोधून सापडेनात. दुसरीत बरोबर उलटं. एकाच गाठीच्या एका कडेला फितूर बसलेत आणि दुसऱ्या कडेला टी पेशी जोरात कामाला लागल्यात. मी मॅडमना विचारलं, आता निष्कर्ष काय लिहू? त्या म्हणाल्या, जे दिसलं ते लिही. म्हणजे तुमचं डोकं जसं भणभणतंय तसंच माझंही. तरीही माझं उत्तर हो आहे.

दिपमाला

*

शिंदखेडा,
६ मार्च २०२५

चि. दिपमालास मामीचा आशीर्वाद.

माझं अक्षर बघून हसू नको. चौथीनंतर इतकं मोठं कधी लिहिलं नाही. रूपा म्हणाली, मी लिहून देते. मी म्हटलं, नको, माझं मी लिहिते.

तुझं 'हो' आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी धुळ्याला जाऊन आली.

तुम्हाला वाटतं मला काही समजत नाही. घरात कोंबड्या आणि मला अंडं मिळत नाही. मी विचारलं की तुझा मामा भिंतीकडे बघतो. मग तू येते, हसते आणि ओट्यावर जाऊन रडते. साध्या गाठीला कोणी रडतं का? मी रूपाला धरून बसवलं आणि म्हटलं, खरं सांग, नाहीतर मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. तिने सांगितलं. कॅन्सर म्हणताना तिचं तोंड एवढंसं झालं. मलाच तिला पाणी द्यावं लागलं.

तुझ्या मामाला म्हटलं, मी रूपाकडे जाते. इथून एसटीने धुळे गाठलं, रूपा पारोळ्याहून तिथं आली. माझा मुलगा म्हणावा एवढाच डॉक्टर आहे. तो माझ्या मागे बघतो आणि विचारतो, "सोबत कोणी आलं नाही का? मिस्टर कुठे?" मी म्हटलं, "जे शे ते मना पोटमा शे. माले सांगा."

त्याने सांगितलं. चित्र काढून सांगितलं. कोण मारेकरी, कोणाचे हात बांधले, कोण फितूर, मला निम्मं समजलं नाही. मान हलवत गेली. मग मी विचारलं, "इंजेक्शन नही लिधं तर?" त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं. ते मला बरोबर समजलं.

कागदावर मी सही केली. आधी घशातून नळी घालून बघितलं, ते फार वाईट. मग दोन दिवसांनी हाताला सुई लावून बाटली सोडली. दुखलं नाही. शेजारच्या खाटेवर चाळीसगावची एक बाई होती, तिच्याशी बोलता बोलता बाटली संपली. आता दर तीन आठवड्यांनी जायचं आहे. खर्चाची सोय लागली, ती काळजी तू करू नको.

आता तुला बोलायचं ते बोलते. तुम्ही मामा-भाचीने एवढी पत्रं लिहिली. दोघं शिकलेले. त्यात एकदा तरी लिहिलं का की तिला विचारा, तिला काय पाहिजे? मी घरातच होती. चुलीपाशी बसली होती.

मामावर रागावू नको. त्याला बरंच ऐकू येतं. तो घाबरला की बहिरा होतो.

तुझी मामी,
पुष्पा

*

जळगाव,
१२ मार्च २०२५

ती. मामी,
सा. न.

तुझं पत्र कपाटाच्या आत चिकटवून ठेवलंय. रोज ड्यूटीला जाताना दिसतं आणि रोज लागतं. लागू दे.

आता तुलाच विचारते. ताप येतो का? अंगाला खाज? जुलाब? दम? हात सोडवलेल्या त्या मारेकरी पेशी कधी कधी भलतीकडेच वार करतात, कातडीवर, आतड्यावर. काहीही झालं तरी 'सोसेन' म्हणू नको. लगेच धुळ्याला फोन कर आणि मलाही कर. मामांना यातलं नाही कळलं तरी चालेल.

आणि मामी, तुला काय पाहिजे?

दिपमाला

*

शिंदखेडा,
२८ मार्च २०२५

दिपमाला,

अंगाला खाज आली होती, मलम दिलं, कमी आहे. दुसरी बाटली झाली. तोंडाला चव नाही, पण वांग्याचं भरीत जातं.

मला काय पाहिजे म्हणते. तीन दिवस विचार केला. मला असं पाहिजे की माझ्यासमोर कोणी कुजबुजू नये. एवढंच सध्या.

मामी

*

शिंदखेडा,
३ जुलै २०२५

चि. दिपमाला हीस नवलमामाचे अनेक आशीर्वाद.

काल धुळ्याला स्कॅनचा रिपोर्ट घेतला. रूपाने तुला फोटो पाठवला असेलच. या वेळी मी बरोबर गेलो होतो. तुझ्या मामीने डॉक्टरांना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे त्यांनी माझ्यासमोर मास्क खाली केला आणि मुद्दे कागदावर लिहिले.

मोठी गाठ लहान झाली आहे. मधली आहे तेवढीच आहे. आणि डाव्या बाजूच्या टोकाला, जिथे आधी काही नव्हते तिथे, एक बारीक नवीन दिसते.

मी कागदावर लिहून विचारले, चांगले की वाईट? त्यांनी खाली लिहिले, 'दोन्ही. इंजेक्शन चालू ठेवू. पुन्हा बघू.'

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. एकाच पोटात एकच औषध गेले. एका गाठीत मारेकरी जिंकले आणि दुसरीकडे कोणीतरी नवीन मूळ धरून बसले. असे कसे? मग लक्षात आले की तुझ्या काचेवरही तू हेच बघितले होतेस आणि तुलाही सांगता आले नव्हते. म्हणून तुला विचारत नाही. हसावे की रडावे ते समजेना, म्हणून मी नुसता मान हलवत होतो.

बाहेर आलो. रूपा पारोळ्याच्या गाडीत बसून गेली. आम्ही दोघे स्टँडवर बाकड्यावर बसलो. तुझ्या मामीने शेव-मुरमुरे घेतले होते, ते ती एक एक करून खात होती. मी आपला कागदाची घडी उघडत होतो, परत घालत होतो. तिने तो कागद माझ्या हातातून काढून पिशवीत टाकला. मग चारचौघांत, दिवसाढवळ्या, माझी हनुवटी धरून माझे तोंड स्वतःकडे वळवले. लग्नाला इतकी वर्षे झाली, असे तिने कधी केले नव्हते. बाजूची माणसे बघू लागली. तिने एक एक शब्द सुटा करून विचारले,

"तुमले भ्याव वाटस का?"

यंत्र डब्यात होते. तरी मला ते ऐकू आले की दिसले, सांगता येत नाही. मी इकडे तिकडे बघणार होतो, पण हनुवटी तिच्या हातात होती. मी म्हटले, "हो. फार."

ती म्हणाली, "माले बी."

दिपमाला, या वर्षात लोकांनी मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्यातले एवढे एकच मला सांगितल्याबरोबर समजले. दोघेही डोळे पुसत होतो आणि कोणी बघते याचे काही वाटत नव्हते. मग शिंदखेड्याची गाडी लागली. ती पुढे पळाली आणि तिने खिडकीजवळची जागा धरली. मी मागून चढलो, तर तिने स्वतः बाहेरच्या बाजूला सरकून खिडकी मला दिली.

तुझा,
नवलमामा